मामाच्या नावावर गेलेली महसीर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. आईजवळ नाही, आमच्या नदी बचाव गटात नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. लोकांविरुद्ध पत्रकं लिहून माझा हात सरावलेला आहे. नाव घ्यायचं, दोष सांगायचा, जाब विचारायचा. आज तेच स्वतःच्या बाबतीत करायला बसले, तर — बघा, आत्ताच फाटे फोडतेय.

तुम्ही थंडीतली चोरल नदी पाहिली आहे? इंदूरहून घाट उतरला की जंगलात भेटते ती. जानेवारीत पाणी ओसरून, डोह सोडले तर, गुडघ्याएवढं उरतं, आणि इतकं नितळ होतं की एखादं पान वाहत आल्याशिवाय तिथे पाणी आहे हेच कळत नाही. मासा दिसत नाही. दिसते त्याची सावली, तळाच्या वाळूवर, झोपेत कूस बदलावी तशी हलणारी. आणि मासा मात्र तुम्हाला स्वच्छ बघत असतो. म्हणून खडकाआडून रांगत जायचं. गळाचा दोर डोक्यावरून मागे सोडायचा, हवेत तो पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे. टोकाचा पिसांचा खोटा किडा पाण्यावर असा टेकला पाहिजे की पाण्याला पत्ता लागू नये. दुपारच्या उन्हात हे करत राहिलं की आपण जागे आहोत की नाही, याचीच शंका येते.

हे मला मामाने शिकवलं. आईचा धाकटा भाऊ, रेल्वेतून रिटायर झालेला, राजेंद्र नगरात आमच्याच गल्लीत राहतो. मामी गेल्यावर रविवारी त्याला घर खायला उठायचं. म्हणून तो नदीवर जायला लागला. जेवणाच्या टेबलावर कोंबडीची पिसं आणि रेशमाचा दोरा घेऊन किडे बांधायचा, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे मासा सहज सुटतो. एकही मासा त्याने कधी घरी आणला नाही. पाण्याबाहेरसुद्धा काढायचा नाही. मी विचारलं तर म्हणायचा, “अगं, आपण मासोळीला भेटायला आलोय. उचलून कडेवर कशाला घ्यायचं?”

गेल्या जानेवारीतली गोष्ट. वाळूउपशाविरुद्ध आमचं पत्रक निघायचं होतं आणि मला मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता — जिवंत नदी, जिवंत मासा. सकाळी मामाला एक महसीर लागली. त्याने तिला पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून, दोन्ही तळव्यांवर धरून ठेवलं. कल्ले नीट हलायला लागले, शेपटीत जोर आला, आणि ती आपली आपण निघून गेली. मी फोटो मागितला, तर तो नाही म्हणाला.

जेवण झाल्यावर तो झाडाखाली पडला. मी एकटीच वळणापलीकडे गेले. आणि मला लागली. हातभर लांब, सोनेरी, एकेक खवला रुपयाएवढा. ती लढली, बराच वेळ लढली, थकली. मी मोबाईल खडकावर टेकवला, टायमर लावला आणि तिला वर उचललं. पहिल्या फोटोत शेपूट कापली गेली. दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले. मधल्या वेळात तिला कुठे ठेवलं असेल मी? कोरड्या दगडावर. तिच्या पाठीवरचे काही खवले तिथेच चिकटून राहिले. आणखी एक फोटो, आणखी एक — माझे केस नीट नव्हते. हो, केस.

मग तिला सोडलं. धरून ठेवलं नाही, नुसतं सोडलं. ती कुशीवर कलंडली आणि पांढरं पोट वर करून वळणाखाली वाहत गेली. पोहते आहे असं वाटलं, असं मी लिहू शकते. नव्हतं वाटलं. मी पाहिलं होतं.

संध्याकाळी गाडीकडे परतताना ती मुळांमध्ये अडकलेली दिसली. मामा खाली बसला. ओठाच्या कोपऱ्यावरची गळाची खूण त्याने अंगठ्याने चाचपली.

“सकाळचीच आहे गं ही. माझी.”

पाठीवरचे खवले गेलेले होते. मला ते दिसत होतं. आणि मी म्हणाले, “असेल, मामा.”

घाट चढताना तो मध्येच बोलला, “अजून जरा धरून ठेवायला पाहिजे होतं ना? घाई करून राहिलो मी आजकाल.” त्याने न केलेली चूक तो शोधत होता. मी खिडकीकडे वळून मोबाईलमधले फोटो पुसून टाकत होते.

इथेच थांबता आलं असतं. पण गटाच्या बैठकीत वाळूबरोबर हौशी मासेमारीचाही विषय निघाला, आणि सर्वांत कडक मी बोलले. एक मित्र इंदुरी थाटात म्हणाला, “भिया, तेरे मामाजी भी तो जाते हैं.” मी म्हणाले, तत्त्वाला मामा नसतो. सगळे हसले. मला ते वाक्य आवडलं — इतकं की मी ते पत्रकात घातलं, आणि वर मथळा दिला: ‘छंदाच्या नावाखाली खून’. खुनाची मला खात्रीची माहिती होती.

मामाने ते आमच्याच ओट्यावर बसून वाचलं. चष्मा काढला, म्हणाला, “बरोबर लिहिलंयस.” त्याच महिन्यात त्याने दोन्ही रॉड महूच्या एका ओळखीच्याला देऊन टाकले. आता रविवारी तो टीव्ही लावून बसतो, आवाज बंद करून. आई म्हणते, वय झालं. मी मान हलवते.

परवा चहा घेताना त्याने विचारलं, “तू एवढं वाचत असतेस. आणखी थोडा वेळ हातात धरली असती तर वाचली असती का गं?”

मी म्हणाले, “सांगता येत नाही.”

सांगता येत होतं. सकाळची ती त्याच्या हातातून सुटून उन्हातून खोल पाण्यात गेली, सरळ, जोरात. मी काठावर उभी राहून पाहिलं होतं. त्याची जगली. मेली ती माझी.