या महिन्याचा कांदा

ऑफिसातल्या म्हात्रेमामांना मी चारचौघांत, भर जेवणात कंजूष म्हणालो. चूक माझी, आणि ती करताना माझ्या तोंडात त्यांनीच आणलेला कांदा होता.

मामा गेले त्याला आता दीड महिना झाला. सोमवारी सकाळी सुनीताताईंनी ऑफिसात फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मामा गेले... पहाटे, झोपेतच." माझ्या तोंडून निघालं, "रात्री जेवले होते का?" ताई बघतच राहिल्या. धक्क्यानं याचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. पण तीन आठवडे माझ्या डोक्यात दुसरा प्रश्नच नव्हता.

आमचं ऑफिस नवीन पनवेलमध्ये, मालवाहतुकीचं. पगार असा, की खालच्या हॉटेलातली थाळी रोज खाल्ली तर वीस तारखेनंतर नुसत्या वासावर राहावं लागेल. तोडगा मामांनी काढला. चौघांनी मिळून एकच जेवण आणायचं. कोणी पोळ्या, कोणी भाजी, इरफान डाळ, आणि कोन गावाहून स्कूटरवर येणारे मामा घरचा भात. कुणी काय आणायचं ते दर एक तारखेला मामा ठरवत, आणि त्यावर अपील नसे. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या कॉलेजची फी भरून मी पार आडवा झालो होतो. बोललो कुणालाच नाही, पण माझ्या भाजीत बटाटा शोधावा लागत होता. त्या एक तारखेला मामा म्हणाले, "भाऊ, या महिन्याला तुमी कांदा-लिंबू आना. तुमच्यासारखा कांदा कोन कापत नाय." मी फुगलो! घरी बायकोला सांगितलं, ऑफिसात माझ्या हाताला मान आहे. ती आत निघून गेली. मी मात्र गोल चकत्या, पाकळ्या, मधोमध लिंबाची फोड अशी आरास चार महिने मांडत होतो. पुढे हातात जरा पैसे खेळायला लागले आणि मामांनी मला पुन्हा भाजीवर नेमलं, तेव्हा बढती काढून घेतल्यासारखा मी दोन दिवस घुम्यासारखा जेवलो.

या हिवाळ्यात एक तारखेला मामा म्हणाले, "कांदा माजा." पुढच्या महिन्यातही तेच. माझं खातं बळकावलं याचा राग होताच. त्यात कोनच्या लोकांना जमिनीचे पैसे मिळालेत हे पनवेलमध्ये सगळेच धरून चालतात, तसं मीही धरून चाललो होतो. म्हणालो, "मामा, हायवेला गेलेल्या जमिनीचे पैसे पुरून ठेवलेत की काय? कांद्यावर भागवता? एवढी कंजूषी बरी नव्हे!" इरफान उगाच डाळ ढवळायला लागला. मामा मात्र हसले. दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांनी स्कूटरची चावी उचलली. "जरा काम हाय." त्यानंतर ते आमच्यात जेवायला बसलेच नाहीत.

ते तीन आठवडे... मामांच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा एक पुडा असे. ते बाहेर गेले की मी चोरासारखा तो उघडून बघायचो. पुडा फोडलेला नसायचा. म्हणजे बाहेर जेवतात, की काहीच खात नाहीत? त्यांचा शर्ट खांद्यावर सैल वाटायला लागला. एकदा जिन्यात त्यांना गाठलंच. "मामा, एक सांगायचं होतं..." "बोला ना." माझी जीभ, जी नको तिथे धावते, ती नेमकी तेव्हा बसली. "बाहेर ऊन फार आहे." "मंग सावलीत ऱ्हावा," म्हणाले आणि स्कूटर काढून गेले.

मामा वारले त्या सोमवारी दुपारी सुनीताताईंनी सांगितलं. कांदा ज्याची ओढाताण चालू असेल त्याच्याकडे जायचा. नियम मामांचाच, आणि मी सोडून सगळ्यांना ठाऊक होता. हायवेला गेलेली जमीन त्यांच्या चुलत्यांची होती. मामांकडे होतं ते बायकोच्या ऑपरेशनमध्ये गेलं. "तुम्हाला सांगू नका म्हणाले होते," ताई म्हणाल्या. माझ्यापुढे डबा उघडा होता... तो मी तसाच बंद केला.

त्यानंतरच्या एक तारखेला कामं वाटायला कुणी नव्हतं. तिघांनीही पोळ्याच आणल्या. बावीस पोळ्या मध्ये ठेवून आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी इरफान खालून चटणी मागून घेऊन आला.

गेल्या रविवारी कोनला गेलो. मामांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, काठी टेकत बाहेर आल्या. मी खाली बघत सगळं ओकून टाकलं. माझ्या बोलण्यानं मामा पंगतीतून उठले, दुपारचे उपाशी राहिले, आणि मी साधी माफीही मागितली नाही.

"उपाशी कशाला ऱ्हातील?" त्या म्हणाल्या. "रोज घरी यायचे. मला पेज भरवायचे, मंग सोता सुका बोंबील भाजून जेवायचे. वाईट वाटलेलं त्यांना, खोटं कशाला सांगू... दोन दिस गप होते. मंग म्हनले, त्याला कांद्याचं कोनी सांगू नका. माजं कलालं तं त्याचं जेवन सुटंल."

मी मान वर केली. वहिनींनी मला चेहऱ्यापासून पोटापर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"तुमचं जेवन तं काय सुटलेलं दिसत नाय."