मारायचा चेंडू

वणीजवळच्या राजूरच्या कोळशाच्या खाणीत माझे वडील हजेरीचे कारकून होते. खाणीच्या क्लबात टेबल टेनिसचं एक जुनं टेबल होतं. १९५६ साली आमचा यवतमाळ जिल्हा बसल्या जागी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी बाबांनी मला पहिल्यांदा त्या टेबलाशी उभं केलं. मी अकरा वर्षांची होते. इंग्रज साहेब केव्हाच निघून गेले होते आणि संध्याकाळी बाबू लोकांच्या मुलाबाळांना क्लबात यायची मुभा झाली होती. टेबलावर रोज कोळशाची धूळ बसे. ओल्या फडक्यानं ती पुसायची, जाळी ताणून बांधायची आणि मग खेळायचं.

बाबांचा खेळ एकच होता. टेबलापासून बरंच मागं उभं राहायचं आणि येईल तो चेंडू खालून कापत शांतपणे परत पाठवायचा.

"मारू नोको," ते म्हणायचे. "चेंडू वापस गेला पायजे. समोरचा कधी ना कधी चुकतेच."

मला तो खेळ सभ्य माणसांचा वाटे. मॅट्रिक होईपर्यंत मी इतकी चिवट झाले की वणीच्या मुली माझ्याशी खेळायचं टाळायच्या. पुढे यवतमाळला कॉलेजात गेले, तिथंही समोरचीला दमवून जिंकायचे. बघणारे जांभया द्यायचे, पण मला त्याचं काही वाटत नसे.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत माझ्यासमोर एक नवी मुलगी आली. तिचे वडील कुठलेसे अधिकारी होते, नुकतेच नागपूरहून बदलून आलेले. तिच्या बॅटला रबराखाली स्पंज होता. तसली बॅट मी तोवर पाहिलीही नव्हती. मी सर्व्हिस केली आणि पुढच्या क्षणी चेंडू माझ्यामागच्या भिंतीपाशी उड्या मारत होता. तिनं तो मारलेला मला ऐकूच आला नाही. आमच्या लाकडी बॅटांचा 'टक' असा आवाज यायचा आणि त्यावरून चेंडू किती जोरात येतोय ते कळायचं. इथं काहीच नाही. मी मागं सरकले. ती आणखी पुढं आली. मी कापून चेंडू परत पाठवला की ती जणू त्याचीच वाट पाहत असल्यासारखी वर उठायची आणि मारायची. एकवीस-सहा. दुसरा गेम कधी संपला ते मला आजही नीट आठवत नाही.

मी सुन्न होऊन टेबलाच्या कडेला उभी होते. ती रुमालानं कपाळ पुसत माझ्याजवळ आली. हिणवायला नव्हे, तिला खरंच कळत नव्हतं.

"तू मारत का नाहीस?" तिनं विचारलं. "मारण्यासारखे किती चेंडू सोडून दिलेस तू!"

मारण्यासारखा चेंडू असतो, हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीत घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हा काही खेळ नोहे. ही मारामारी होय."

"मंग मले मारामारी शिकाची हाय, बाबा."

संध्याकाळी ते नेहमीसारखे क्लबात आले आणि मी मारायला सुरुवात केली. माझे चेंडू छताला लागत, खिडकीतून बाहेर जात, शेजारी कॅरम खेळणाऱ्यांच्या सोंगट्यांत जाऊन पडत. एखादा टेबलावर पडलाच तर बाबा तो सहज परत देत. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की बाबांचा चेंडू दर वेळी कसा येतोय. मी मारायला लागल्यापासून तो कापलेला, बुटका येत नव्हता. तो माझ्या उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीला, हळू आणि गोड येत होता, ताटात वाढल्यासारखा. एकदाही चुकत नव्हता. मागं उभं राहून खेळणाऱ्या माणसाला असा चेंडू देता यावा, याचं मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई तूर निवडत बसली होती. मी तिला सहज म्हटलं, "बाबा काय चेंडू देतात वं! कुठी शिकले असतीन?"

आईनं सुपातून मान वर केली नाही. "शिकले कायचे? साहेबाले मारता आलं पायजे म्हनून देत जाय ना ते."

"कोन्या साहेबाले?"

"गोरा साहेब होता तवा. त्याची बाई विलायतेले गेल्ती. सांजच्या पारी त्याले खेळाले कोनी नव्हतं, तं यायले, तुह्या बाबाले, बोलवे. साहेबानं मारावं आन् यायनं वापस द्यावं. हेच यायचं काम." तिनं सूप एकदा पाखडलं. "एक खेप यायनं मारला. चेंडू साहेबाच्या गालावर बसला. दुसऱ्या दिवशी सकाऊन यायले हजेरीतून काहाडलं आन् खानीत खाली धाडलं. बाबू मानूस, हाती बत्ती घेऊन खाली. तू माह्या पोटात होती तवा. साहेब बदलून गेला तवाच वर आले. तवापासून मारनं सोडलं यायनं."

मी तिच्यासमोर नुसती बसून राहिले. इतकी वर्षं मी जी शिस्त समजत होते, ज्या चिवटपणाचा मला अभिमान होता, तो साहेबाची संध्याकाळ बरी जावी म्हणून बसवलेला खेळ होता. आणि बाबांनी तो मला लबाडीनं शिकवला नव्हता. चेंडू परत दिला की माणूस सुरक्षित राहतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं आणि तेच त्यांनी आपल्या लेकीला दिलं होतं.

त्या संध्याकाळी मला एकही चेंडू मारवेना. बाबा देत होते आणि मी बॅट खाली धरून उभी होते.

"काहून? काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुमी मारा, बाबा. मी देतो."

आईनं सांगितलंय हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. ते बॅट या हातातून त्या हातात करत राहिले. मी सर्व्हिस केली, त्यांनी कापून परत दिला. मी तो उंच दिला. पुन्हा कापला. मी पुन्हा उंच दिला. आणि मग माझे ते सावकाश, चष्मेवाले बाबा एका ढांगेत टेबलाला भिडले, कमरेतून वळले आणि त्यांनी मारला. चेंडू माझ्या गळ्याखालच्या हाडावर फाडकन बसला. कॅरम खेळणारे हात थांबवून बघत राहिले. मी कळवळले, पण दुखण्यापेक्षा धक्काच मोठा होता. बाबांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चटकन दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तरी त्यांची नजर तिथून हलेना.

मग ते टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आले. "लागलं काय?" म्हणाले. आणि तिथंच उभं राहून मला सांगू लागले: मागं थांबू नोको. चेंडू टप्पा घेऊन वर येतो, सगळ्यात उंच असतो, तिथंच त्याला गाठायचं. खाली उतरू द्यायचा नाही. जोर मनगटात नसतो, कमरेत असतो. हे सगळं त्यांना पाठ होतं. अठरा वर्षं ते त्यांच्या अंगात तसंच पडून होतं.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही रोज तेवढंच केलं. पुढच्या सुट्टीतही.

नंतरच्या वर्षीच्या स्पर्धेला बाबा स्वतः यवतमाळला आले. मी पदर कमरेला खोचून टेबलाला चिकटून उभी राहिले आणि पहिल्या चेंडूपासून मारत सुटले. जांभया बंद झाल्या. पाहुण्या म्हणून बसलेल्या एक बाई शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हे शोभतं का?" मला ते ऐकू आलं आणि मी पुढचा चेंडू आणखी जोरानं मारला. असा राग आपल्यात आहे याचं माझं मलाच भय वाटलं. ती नागपूरची मुलगी तोवर दुसऱ्या गावी गेली होती. अंतिम सामन्यात दुसरीच होती, आणि शेवटच्या गेमला जिंकायच्या बेतात असताना मी दोन चेंडू टेबलाबाहेर मारले. हरले.

परतीच्या बसमध्ये मला रडू येईल असं वाटत होतं. पण बाबा बोलायला लागले. एरवी घरात चार शब्द बोलणारा माणूस वणी येईपर्यंत थांबला नाही. खाणीत खाली पाणी कसं ठिबकतं, बत्ती विझली की शेजारच्या माणसाचा नुसता श्वास कसा ऐकू येतो, तिथल्या गोंड मजुरांनी त्यांना वाकून चालायला कसं शिकवलं, ते सगळं. मी खिडकीपाशी थक्क होऊन ऐकत होते. मधेच ते म्हणाले, "तो शेवटचा चेंडू तू बरोबर मारला. भायेर गेला तं गेला."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती.

"काय झालं?"

"हरली," बाबा चपला काढत म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "हरली, आन् तुमी हासून काहून राह्यले?"

बाबांनी पाय धुवायला पाणी मागितलं आणि हसतच आत गेले.