पंचावन्न इंची

महादेवराव एस.टी.चे ड्रायव्हर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं मलकापूर–बुलडाणा गाडीवर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी रोहिणखेडला रस्त्याला लागून दोन खोल्यांचं घर बांधलं आणि मागच्या नाही, पुढच्या खोलीत मोठी खिडकी बसवून घेतली. इतकी खाली, की गवंडीसुद्धा म्हणाला, "भाऊ, शेळ्या येतीन ना आत." महादेवराव म्हणाले, "येऊ दे. पलंगावर पडल्या पडल्या रस्ता दिसला पायजे."

आणि मागच्या पावसाळ्यात ते खरोखरच पलंगावर पडले. सकाळी दाढी करता करता हातातून वस्तरा गळून पडला. अकोल्याच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा उजवं अंग लुळं झालं होतं आणि बोलणं गेलं होतं. अगदी सगळंच गेलं असं नाही. एक शब्द राहिला होता: "हाव." पाणी पाहिजे का विचारलं तरी हाव, नको का विचारलं तरी हाव. मानसुद्धा मनासारखी हलत नव्हती. नाही म्हणायला जावं तर ती खालीवरच डोले. ऐकू सगळं येत होतं, कळत सगळं होतं. फक्त नकार बाहेर येत नव्हता.

पण हे घरात कोणाला कळलं नाही. रुखमाबाईंना, त्यांच्या बायकोला, उलट बरंच वाटलं. जन्मभर तापट असलेला माणूस आता सगळ्याला हो म्हणत होता. जेवायला घातलं तर खात होता, कूस बदलली तर बदलून घेत होता.

दिवाळीआधी मुलगा शिवम पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आला. तिकडे एका कंपनीत तो सुपरवायझर आहे. बापाला दिवसभर नुसतं पडून राहिलेलं त्याने पाहिलं. "आई, बाबांसाठी टीव्ही घेतो. चांगला मोठा," तो म्हणाला.

"कायले मोठा?" रुखमाबाई म्हणाल्या. "खोली केवढी! खिडकीच्या बाजूले बसन असा लहान घे ना."

"लहान टीव्ही त्यांना इथून दिसणार आहे का? आधीच डोळे अधू."

पलंगावरून सरळ दिसणारी भिंत एकच, खिडकीची. खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये बत्तीस इंची बसत होता. शिवमने मोबाइलवर मापं काढली, जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडली आणि भिंतीवर लावून पाहिली. आधी लहान चौकोन कपाटाजवळ. मग मोठा, पंचावन्न इंची. तो थेट खिडकीवर आला. खोलीत एकदम सावली पडली.

"खिडकी बंद करून वरून प्लायवूड मारू," शिवम म्हणाला. "तसाही मागून उजेड आला की चित्र नीट दिसत नाही. बाबा, कोणता? हा मोठा लावू ना?"

महादेवरावांनी सगळा जीव गोळा केला. त्यांना म्हणायचं होतं, खिडकी राहू दे.

"हाव," ते म्हणाले.

त्यांनी डावा हात उचलून खिडकीकडे केला. शिवमचे डोळे भरून आले. "पाह्यलं आई? मोठाच दाखवून राह्यले."

दुसऱ्या दिवशी मलकापूरहून टीव्ही आला. खिळे ठोकले जात असताना महादेवराव पलंगाच्या लाकडावर हात आपटत होते. "खुश झाले बुवा," टीव्ही लावणारा माणूस म्हणाला. शिवम संध्याकाळच्या गाडीने गेला.

मग ते दिवस सुरू झाले. समोर बैलाच्या तोंडाएवढी माणसांची तोंडं. रडत, हसत, एकमेकांवर डोळे वटारत. पलंगापासून जेमतेम सहा-सात फुटांवर. सगळं चित्र एका नजरेत मावत नसे आणि मान तर वळत नसे. डोळे मिटले की रुखमाबाई झोप लागली समजून आवाज कमी करीत, उघडले की वाढवीत. प्लायवूडच्या पलीकडे सकाळची एस.टी. येऊन थांबे. गिअर टाकतानाचा आवाज ऐकून त्यांना कळे की हा ड्रायव्हर नवा आहे, क्लच जाळतोय. दार आपटे. कोणीतरी उतरे, कोणाची तरी विचारपूस होई. कोण ते दिसत नसे. भेटायला येणारे आधी टीव्हीकडे पाहत आणि म्हणत, "महादेवराव, नशीबवान आहात बुवा."

"हाव."

हळूहळू ते जेवेनासे झाले. घास तोंडातच राही. रुखमाबाईंनी वरणभात पातळ केला, शिरा केला, चहात बिस्कीट कालवलं. सगळं हनुवटीवरून ओघळे. एका दुपारी त्या थकून गेल्या. वाटी खाली आपटून म्हणाल्या, "मंग करू तरी काय मी? चहात जहर देऊ का तुमाले?"

"हाव."

हे म्हणताना महादेवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रुखमाबाईंनी उठून टीव्ही बंद केला आणि पलंगावर बसून विचारलं, "अवो, मी तुमची बायकोच ना?"

"हाव."

"मी तुमची माय व्हय?"

"हाव."

रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्यांनी नवऱ्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. "आता तोंडानं काईच बोलू नका. खरं असन तर हात दाबजा. भूक नाई?" हात सैलच राहिला. "मंग भूक लागते?" बोटं दाबली गेली. "दुखते काई?" नाही. "हा टीव्ही नको?"

बोटं इतकी आवळली की रुखमाबाईंच्या हातात बांगड्या रुतल्या.

फोनवर शिवम आधी चिडला. "त्यांनीच हो म्हटलं होतं, आई!" मग त्याने हळूच विचारलं, "खिडकी पाहिजे होती का त्यांना?"

तो पुढच्या रविवारी आला. त्याने स्वतः टीव्ही उतरवला, खिळे उपटले, प्लायवूड काढलं. टीव्ही आतल्या खोलीत धान्याच्या कोठीला टेकवून ठेवला. तिथेही तो मोठाच होता. महादेवराव उजेडाने डोळे बारीक करून रस्त्याकडे पाहत राहिले. त्या रात्री ते नीट जेवले.

निघण्याआधी शिवम पलंगाशी बसला. बापाचा हात त्याने बहुधा लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला होता. "बाबा, माझा राग आला?" बोटं हलली नाहीत. "पुण्याला याल माझ्याकडे?" नाही. "मग इथं बरं वाटतं?" तरीही नाही. महादेवराव त्याच्याकडे एकटक पाहत होते. काहीतरी सांगायचं होतं, आणि ते या तिन्ही प्रश्नांत नव्हतं.

"आई, काय म्हणायचं असेल यांना?"

"मले काय मालूम, बाबू," रुखमाबाई म्हणाल्या. "इचारत राह्य."

शिवम हात धरून बसून राहिला. पुढचं काय विचारावं, ते त्याला सुचत नव्हतं.