दिगूची पाच उत्तरं

सामन्याच्या दिवशी दिगू माने आमच्या सिंगापुरातल्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये शिरायचा तो पुटपुटतच. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, मान डुलतेय. समोरच्या दारातली तमिळ आजी त्याला थोर भक्त समजायची आणि तो लिफ्टमधून बाहेर पडला की हात जोडायची. हा गडीही मोठ्या गंभीरपणे आशीर्वाद द्यायचा! प्रत्यक्षात तो कुठलंही स्तोत्र म्हणत नसे. तो पाच उत्तरं पाठ करत असे.

दिगू व्यवसायानं रग्बी लीगचा खेळाडू. जन्म मिरजेचा, आई परिचारिका, तिला उत्तर इंग्लंडातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि पोरगं लहानपणीच तिकडे गेलं. शाळेच्या मास्तरांनी त्याला मधल्या सुट्टीत गोऱ्या पोरांची कबड्डीतली घोटापकड करताना पाहिलं आणि शिक्षा करायची सोडून संघात घेतलं. तिथून तो थेट पगारी क्लबात. कान फुलकोबीसारखे, नाक दोनदा वळण घेतलेलं, आणि तोंडात आईची मिरजेची मराठी जशीच्या तशी.

हा खेळ तेरा-तेरा गड्यांचा. बॉल घेऊन पळायचं. समोरचे दोघं-तिघं मिळून तुम्हाला आपटतात. उठायचं, बॉल टाचेनं मागच्याला द्यायचा, पुन्हा पळायचं. सहा वेळा आपटेपर्यंत पल्ला गाठला नाही तर बॉल समोरच्यांचा. "कबड्डीच हाय दाजी," दिगू म्हणायचा, "फकस्त दम सोडायला परवानगी हाय आनि दात सोडायला बी."

मी त्याचा दाजी कसा? माझी बायको वैशाली सांगलीची. मिरजेचा माणूस परदेशात भेटल्यावर आणखी नातं कशाला शोधायचं? ती ताई झाली, मी दाजी. दिगू इथे एका क्लबात प्रशिक्षक म्हणून आला होता, आमच्याच ब्लॉकमध्ये खोली घेऊन राहत होता आणि अधूनमधून स्वतः खेळतही होता. मी जहाजांची इंजिनं तपासणारा ढेरपोट्या पुणेकर. त्यानं मला संघाच्या पाण्याच्या बाटल्यांचा सरसेनापती केलं.

तर ती पाच उत्तरं. डोक्याला मार लागला की फिजिओ विचारते: मैदान कुठलं? हाफ कुठला? शेवटचे गुण कुणी केले? मागचा सामना कुणाशी? जिंकलात का? अडखळलात की बाहेर. म्हणून दिगूच्या इंग्लंडातल्या क्लबातले सगळे बहाद्दर उत्तरं घोकून उतरायचे आणि प्रत्येक गुणानंतर तिसरं उत्तर मनात बदलून घ्यायचे. हंगामाच्या सुरुवातीला स्मरणशक्तीची चाचणी असे, तीत तर मुद्दाम चुका करायचे. म्हणजे पुढे डोकं हललं तरी फरक दिसायला नको! हे सांगताना दिगू मांडीवर थाप मारून हसायचा. "उत्तरं पाठ, तर डोकं ताठ!"

मीही हसायचो. ऐकायला बहारदार होतं.

त्या शनिवारी मात्र कुणाला हसू येत नव्हतं. दिगूच्या जुन्या क्लबचा माणूस सिंगापूरमार्गे चालला होता आणि तोआ पायोहच्या मैदानावरच्या आमच्या सामन्याला येणार होता. दिगू पूर्ण सामना खेळला तर त्याला एक शेवटचा हंगाम मिळणार होता. पस्तिशी उलटलेल्या माणसाला!

"कशाला रे आता?" वैशालीनं विचारलं.

"ताई, तिथल्या माज्या शेवटच्या सामन्यात मला स्ट्रेचरवरनं बाहेर काढलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत हुते म्हनं. मला ऐकूच आल्या न्हाईत. एकदा चालत बाहेर यायचं हाय. आई बगत असताना."

एवढं बोलून त्यानं मटकीच्या उसळीचा घास घेतला आणि ताडकन उभा राहिला. "गूळ? मटकीत गूळ? सांगलीची अब्रू घालवलीस ताई! ह्या पुनेरी मानसानं तुजी जीभ बाटवली!" वैशालीही कमरेला पदर खोचूनच भांडली. ते भांडण मैदानाच्या फाटकापर्यंत चाललं. तोवर त्यानं तीन वाट्या उसळ संपवलेली होती, हा भाग वेगळा.

दुसऱ्या हाफमध्ये ते झालं. दिगू बॉल घेऊन घुसला, समोरच्याचा खांदा त्याच्या कानशिलावर बसला आणि ओलं पोतं फरशीवर पडावं तसा आवाज आला. तो उठला. हात हलवून "ठीक आहे" म्हणाला. आणि दोन पावलं चालून समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. क्षणभरच. कुणीतरी ढकललं, मग आपल्या बाजूला आला.

तेवढ्यात विजेचा भोंगा वाजला. इथे आसपास वीज कडाडायची शक्यता असली की मैदान रिकामं करावंच लागतं. सगळे छपराखाली आले. समोरच्या बाकावर पांढऱ्या टोपीतला जुन्या क्लबचा माणूस बसला होता, त्याची नजर दिगूवर.

फिजिओ ग्रेसनं प्रश्न विचारले. दिगूनं पाचही उत्तरं फाडफाड दिली.

"ही इज ओके, लाह," ग्रेस मला इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली.

मला मात्र तो चुकीच्या रांगेत उभा राहिलेला दिसत होता. मी दिगूसमोर उकिडवा बसलो. "दिगू, सकाळी ताईशी कशावरून भांडलास?"

तो हसला. "ताईशी? मी कशाला भांडू? ताई लाखात एक हाय."

त्याच्या मानेवर बर्फ फिरवत असलेल्या वैशालीचा हात तिथेच थांबला.

"सकाळी खाल्लंस काय?"

"खाल्लं की. झकास हुतं."

"काय होतं?"

तो ओठ हलवून पाच उत्तरांतच शोधू लागला. मग डोळ्यांत भीती आली, आणि तिच्या मागोमाग राग. "दाजी," तो हळू बोलला, "घरातलं मैदानात आनू नगा. ह्यो प्रश्न पेपरात न्हाई."

मी ग्रेसला सांगितलं. तिनं मान हलवली आणि पंचांकडे निघाली. नेमका तेव्हाच विजेचा धोका टळल्याचा भोंगा झाला. दिगू उठला. मी वाटेत उभा राहिलो! डोळ्यांसमोर आणा: शंभर किलोंचा चालता बुलडोझर, आणि पुढे बाटल्यांचा क्रेट छातीशी धरलेला मी. त्यानं खांदा खाली घेतला. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. उघडले तर पाठमोरा दिगू कपडे बदलायच्या खोलीकडे चालत जात होता. एकाही माणसानं टाळी वाजवली नाही. पांढऱ्या टोपीचा माणूस ग्रेसशी थोडं बोलला आणि टॅक्सी शोधायला गेला.

तपासण्यांत डॉक्टरांना मेंदूतली जुनी दुखणी सापडली, एकावर एक बसलेली. खेळणं कायमचं बंद. दिगू आईकडे परतला. चांगी विमानतळावर वैशालीच्या गळ्यात पडून रडला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पुढे दर रविवारी ताईला फोन. "दाजी जित्तं हाईत न्हवं?" एवढी चौकशी व्हायची. मी फोन उचलला की पलीकडून कट. असं वर्षभर. मी मुद्दाम उचलायचो आणि घाईघाईनं "दिगू, मी जिवंत आहे रे!" असं ओरडायचो.

एका संध्याकाळी जेवताना फोन आला. मी उचलला, ओरडलो. कट झाला नाही. मागे टीव्हीवर गर्दीचा कल्लोळ ऐकू येत होता.

"दाजी, मॅच बगतोय," दिगू म्हणाला. श्वास लागलेला. "एक गडी पडलाय. डोक्यावर. मी मराठीत वरडाय लागलोय, आई दवाखान्यात ड्युटीला, घरात कुनी न्हाई. म्हनून तुमाला लावला."

"तो उठला का?"

पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. दिगूनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

"उठला," तो म्हणाला. "तेचीच भीती वाटती, दाजी."