आत्याबाईंचं पडवीतलं पातेलं

आत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्या त्याला दीड महिना झाला. मी शेतात कांदा काढत होते. धाकटे दीर आले आणि सायकल न टेकवताच म्हणाले, "वैनी, घरी चला. आई गेली." सकाळीच त्यांनी मला भाकरी बांधून दिली होती. मी रडले, पण एक गोष्ट आठवून जीव हलकाही झाला... ती कुणाला सांगितली नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

माझी आई लहानपणीच वारली, म्हणून सत्तर साली माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मालक पलटणीत होते. मला ताप होता, दूध येईना. सासूबाई माळकरी, कोंबडीला तोंड लावत नव्हत्या. तरी त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, पडवीत वेगळं टांगलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं आणि माझ्यासाठी कोंबडीचा पातळ रस्सा केला. फाल्गुनाचे दिवस होते. ओली हळद ठेचून घातली, पातीसकट ओला लसूण, कांद्याची पात, वरून कोवळी कोथिंबीर. चव बघता येत नव्हती, म्हणून मीठ कमी पडायला नको असं म्हणत त्यांनी दुसरी चिमूट टाकली.

"मीठ बरं हाय का गं?"

रस्सा खारट झाला होता. मी म्हणाले, "व्हय." वाटीभर प्यायले आणि पाण्याचा तांब्या मागितला. आई नसलेल्या पोरीसाठी कुणी चूल मांडलेली, तिथं नावं कशी ठेवायची?

मग दर फाल्गुनात आत्याबाई माझ्यासाठी तो रस्सा करायच्या. दर वर्षी जास्तच खारट. मी दर वर्षी "व्हय" म्हणायचे. त्यांच्या तोंडावर आठ वर्षं खोटं बोलत आले, हे मनाला लागून राहिलं होतं.

यंदा धाकटी जाऊ बाळंत झाली. सांगलीची, तोंडानं मोकळी. तिच्या माहेरहूनच ओली हळद आलेली. आत्याबाईंनी केलेल्या रश्श्याचा तिनं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "आवं आत्याबाई, मिठाचं पोतं सांडलं का काय ह्यात?"

"थोरलीला असंच आवडतं. आठ वर्सं पितीया."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. "न्हाई आवडत," मी म्हणाले.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी एवढं करायचा... कसं बोलू?"

मला वाटलं, आत्याबाई दुखावल्या. मग माळ हातात धरून त्या हसायला लागल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "आगं, मला वाटलं तुज्या माहेरची, लोणंदची माणसं खारट खात्यात. म्हणून वर्साला चिमूट वाढवत गेले. तरीच तू तांब्या मागायचीस व्हय!" त्या दिवसापासून भाजी, आमटी, काहीही झालं की मला हाक. "थोरले, चव बघ. खरं सांगायचं."

पंधरा-वीस दिवसांतच त्या गेल्या. ते आधी बोलून झालं, हे बरं झालं.

काल जाऊ म्हणाली, "आक्का, तुमीच करा की आता." मी पडवीतलं पातेलं काढलं. हळद आता सुकली होती, तीच घातली. मीठ एकदाच टाकलं, चव बघितली आणि तिला वाटी दिली. "मीठ?" तिनं विचारलं. "बरोबर हाय," मी म्हणाले.

मग माझ्या वाटीत वरून आत्याबाईंची ती एक चिमूट टाकली. तांब्या आधीच भरून ठेवला होता.