पायरीवरचं पार्सल

ज्या माणसानं माझ्या आईला हॉटेलातून उठवलं होतं, त्याचा फोटो आज माझ्या डीपीला आहे.

विचारू नका. सांगतेच.

मन्मथअप्पा. लातुरात आमच्या जुन्या नगरात, पाण्याच्या टाकीखाली सहा टेबलांचं हॉटेल. मुरमुऱ्यांचा सुशीला, धपाटे, दही, शेंगांची चटणी.
आज अप्पांना जाऊन महिना झाला.

मी दहावी पास झाले त्या दिवशीची गोष्ट. वडील आधीच गेलेले. आई दवाखान्यात आया होती. म्हणाली, आज गॅस पेटवायचा न्हाई, आज आपण बाहेर खायचं.

दोघी जन्मात पहिल्यांदा हॉटेलात गेलो. थेट पुढच्या टेबलावर बसलो, फॅनखाली.

अप्पा आले. आवाज चढवला नाही. खाली बघत म्हणाले, "बाई, लेडीज आत."

आत म्हणजे पडद्यामागं. तेव्हा बऱ्याच हॉटेलांत असायची ती 'फॅमिली रूम'.
नाव लई भारी. अप्पांकडं ती रूम म्हणजे भट्टीला चिकटून एक बाकडं, शेजारी बटाट्याची पोती, आणि पुढं हिरवा फुलाफुलांचा पडदा.
गडीमाणसं बाहेर हवा खात बसणार, बाया-लेकरं आत धूर खाणार.

आई म्हणाली, आम्ही इथंच बसतो. अप्पांनी विचारलं, सोबत गडीमाणूस कोण हाय? आई म्हणाली, कोणी न्हाई.
मग पार्सल न्या, म्हणाले.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. सगळं हॉटेल आमच्याकडं बघत होतं.

आईनं पार्सल घेतलं. बाहेर आली. आणि त्याच हॉटेलच्या पायरीवर फतकल मारून बसली. कागद उलगडला.

"बस. तू पास झालीस. लाज त्यांला वाटू दे."

गिऱ्हाइकं आम्हाला ओलांडून आत जात होती. तेवढ्यात अप्पांची बायको, आमची अक्का, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या ठेवला, पण परत गेली नाही. आईशेजारी पायरीवर बसून राहिली.

पुढच्या गुरुवारी आईला सुट्टी. परत तेच. पार्सल, पायरी, तांब्या.
त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

गल्लीभर चर्चा. मामा तणतणत घरी आला, म्हणाला, ताई, तू आमची इज्जत काढायलीस.
आई म्हणाली, मी धपाटे खायलेय.

चौथ्या गुरुवारी गेलो तर पडदाच नव्हता.

अप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलनं पुढचं टेबल पुसलं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "बसा बाई. चुकलं माझं. मला वाटायचं, मी बायांची इज्जत ठेवायलोय."

त्यांना खरंच तसं वाटायचं. म्हणून तर मला हा माणूस आवडला. चुकला, आणि सगळ्यांदेखत चुकलो म्हणाला. असे किती जण बघितलेत तुम्ही?

त्या पडद्याची अक्कानं झोळी शिवली. पुढच्या टेबलाजवळ हुकाला टांगली. लेकरू झोळीत झोपलंय आणि त्याची आई दोन्ही हात मोकळे ठेवून गरम गरम जेवतेय.
माझी लेक पण त्यात झोपलीय.

रोजचे गडी कुरकुरले. हे हॉटेल हाय का बालवाडी? काही जण यायचे बंद झाले. अप्पा म्हणायचे, ज्याला जमत न्हाई त्यानं घरी खावं.

मग क्लासच्या पोरी यायला लागल्या. देवणीच्या, शिरूर अनंतपाळच्या. नीट परीक्षेचं पुस्तक टेबलावर उघडं ठेवून एकट्या जेवणाऱ्या. होस्टेलला पोरगी सोडायला आलेला बाप आधी तिला अप्पांचं हॉटेल दाखवायचा, इथं जेवत जा म्हणून सांगायचा.

आता कालचं ऐका.

अप्पांचा पुतण्या बसू आता हॉटेल बघतो. काल सकाळी गेले तर सुतार टेप लावून उभा. केबिन करायच्या म्हणे. प्लायच्या, पडदेवाल्या. झोळी काढून कोपऱ्यात टाकलेली.

बसू वाईट नाही हो. प्रेमानंच सांगत होता. "ताई, जमाना प्रायव्हसीचा हाय. लेडीज आत बसल्या म्हंजी रस्त्यावरून कुणाची नजर नको."

अप्पा पण तेव्हा असंच समजायचे.

मी भांडले नाही. पार्सल मागितलं, बाहेर आले आणि पायरीवर बसले. गुडघे दुखतात आता. तरी बसले.

क्लासच्या दोघी आल्या. ताई, आत जागा न्हाई का? त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पण पार्सल घेतलं आणि बसल्या. मग कडेवर लेकरू घेतलेली एक बाई आली. पायरी भरली. आत जायला वाटच उरली नाही.

बसू दारात उभा.

आणि अक्का आली.

महिनाभर उंबऱ्याबाहेर न पडलेली अक्का. हातात पाण्याचा तांब्या. माझ्याशेजारी टेकली, तांब्या मधे ठेवला, आणि मागं न बघता म्हणाली,

"बसू, टेप गुंडाळ. झोळी होती तिथं टांग."

बसूनं टांगली. सुतार गेला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आता ती काठी घेऊन चालते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, येत्या गुरुवारी मला ने.

तर ज्यांना बायका पडद्याआडच जेवलेल्या बऱ्या वाटतात, त्यांनी खुशाल दुसरीकडं जावं. आम्ही फॅनखालीच बसणार.

अप्पा, भावपूर्ण वगैरे लिहायला मला जमत न्हाई.
गुरुवारी आईला घेऊन येते. पुढचं टेबल आता आम्हीच पुसून घेऊ.

सुखानं जावा.