गादीसमोरचे दोन स्पीकर

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या गावात वीज नवीनच होती. मालेगाव-मेडशी रस्त्यावरून आत गेलं की आमचं गाव. जिल्हा तेव्हा अकोला, वाशीम हा फक्त तालुका. आमच्या अख्ख्या वस्तीत मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी एकटा. हे मी आजही छाती काढून सांगतो, आणि कुणाला फुशारकी वाटली तर खुशाल वाटू द्या. माझ्या बापानं धम्म घेतला त्या दिवसापासून गावकीची कामं सोडली होती. नांगर धरला, मजुरी केली आणि मला वाशीमच्या कॉलेजात ठेवलं. ती बी.एस्सी. फुकटात आलेली नव्हती.

गावात त्या वर्षी हायस्कूल निघालं. शास्त्र-गणिताच्या मास्तरची जागा होती आणि मी अर्ज केला होता. पंचक्रोशीत दुसरा बी.एस्सी. नव्हता. ट्रेनिंग मागून करता येईल, असं शाळेत मला तोंडी सांगितलंही होतं. मला ती जागा पगारासाठी पाहिजे होतीच, पण तेवढ्यासाठी नाही. ज्यांच्या बैलांना माझ्या बापानं चारापाणी केलं, त्यांची पोरं माझ्यासमोर बाकावर बसणार होती, मी आत आलो की उभी राहणार होती. ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावचे मालक. शंभरावर एकर कापूस-ज्वारी, नवं स्लॅबचं घर, पुढं मोठी बैठक. त्यांच्या जावयानं मुंबईहून एक संच पाठवला होता: रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढ्या उंचीच्या दोन स्पीकरच्या पेट्या. आमच्याकडं तोवर लग्नातला भोंगाच ठाऊक. हे यंत्र कसं जोडायचं कुणालाच कळेना. मालकांचे दिवाणजी आमच्या दारात आले. आत आले नाहीत, बाहेरूनच म्हणाले, "काय गा बीएस्सी, तुले विजेचं समजते म्हन्तात. मालकानं बलावलं."

बाबा लगेच म्हणाले, "जाय. काम चांगलं कर. अर्ज त्याईच्याच हाती हाय."

मी गेलो. मालकांशी बोलायचं तर डाव्या अंगानं उभं राहून, ही गावाची रीत होती. लहानपणी त्यांचा उजवा कान वाहायचा, तो तसाच गेला. न्हावी असो, तलाठी असो, जो तो न सांगता डावीकडं जाऊन उभा राहायचा. आणि कुणीही, कधीही, मालकांना कमी ऐकू येतं असं म्हणायचं नाही. घरातलेसुद्धा नाही. मीही तसाच डावीकडं जाऊन उभा राहिलो.

दिवाणजींनी पेट्या मालकांच्या गादीच्या दोन बाजूंना मांडल्या होत्या, देवळापुढच्या दीपमाळांसारख्या. मी म्हटलं, "अशा नाई चालत. गादीच्या समोर पायजे, तोंड गादीकडं. नाईतर पावन्याईले आयकू जाईन आन् मालकाले पेट्याईची पाठ."

मालक हसले. "बराबर बोलते पोट्टं. कर तुह्या मनानं."

मग मी दोरी घेतली. दोन्ही पेट्यांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक पेटीपासून गादीपर्यंत. कोपऱ्यात ठेवल्या तर आवाज घुमतो, म्हणून भिंतीपासून सुट्या ठेवल्या. खाली सागवानी पाट दिले. तारा जोडण्याआधी बॅटरीतला एक सेल काढून स्पीकरच्या दोन टोकांना लावून पाहिला. कागदाचा पडदा बाहेर उसळला की सेलचं अधिक टोक लागलं ते स्पीकरचंही अधिक, हे कळतं. दोन्ही पेट्यांना तारा सारख्याच लावल्या, उलटसुलट झाल्या तर मधला आवाज पोकळ होतो. दिवाणजी बघत होते. "हे सारं पुस्तकात हाय?" त्यांनी विचारलं. "हाय," मी म्हटलं, "वाचाले लागते."

संध्याकाळी चालू करून पाहिलं तर रेकॉर्ड रडायला लागली. गाणारा जणू झोपेतून बोलतोय. व्होल्टेज पडत होतं. गावच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर मालकांचं घर आणि पिठाची गिरणी. मी कारण सांगितलं. उपाय सांगायच्या आत मालकांनी हुकूम दिला, "गिरनी बंद करा."

घरी आलो तर माय रिकाम्या हातानं चुलीपुढं. ज्वारीचा डबा गिरणीतच अडकला होता. "बाया शिव्या देऊन राह्यल्या," ती म्हणाली, "ज्यानं गिरनी बंद केली त्याचं वाटोळं होवो म्हन्तात. मीबी दिल्या दोन." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मायला उमगलं, तशी ती म्हणाली, "मंग माह्या दोन वापस घेतो." त्या दिवशी आम्ही तिघं हसलो. त्या सगळ्या प्रकरणातलं तेवढंच हसणं.

दुसऱ्या दिवशी आवाज सारखा करायचा राहिला होता. अ‍ॅम्प्लिफायरला एक बटण असतं, ते डावीकडं फिरवलं की डावी पेटी जोरात, उजवीकडं फिरवलं की उजवी. अ‍ॅम्प्लिफायर गादीच्या मागं मेजावर होता; तिथं उभं राहून मी बटण बरोबर मधोमध आणलं. आवाज असा आला की पेट्या दिसेनाशा व्हाव्यात, गाणारा समोरच्या भिंतीपाशी बसलाय असं वाटावं. माझ्या अंगावर काटा आला. हॉस्टेलच्या रेडिओवर असलं कधी ऐकलं नव्हतं.

मालक गादीवर बसले. डोळे मिटले. मग म्हणाले, "उजवी पेटी कमी येऊन राह्यली."

माझ्या लगेच ध्यानात आलं. दिवाणजींच्याही आलं. त्यांनी छताकडं बघितलं.

"दोन्ही सारख्या हायेत, मालक," मी म्हटलं.

"तू मांगं उभा हायेस. मी इथी बसलो. इथी कमी येते."

आता ते बोलले ते खोडून काढायचं तर एकच मार्ग होता. मी म्हटलं, "मंग मले एक मिनिट तिथी बसून आयकू द्या."

"कुठी?" दिवाणजी म्हणाले.

"गादीवर."

मालक चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसून म्हणाले, "बीएस्सी झाला म्हून गादीवर बसतं काय बे?"

"बसाचं नाई, आयकाचं हाय."

"तुले आयकाची काय गरज? आयकनारा मी हावो. उजवी वाढव."

मी बटण उजवीकडं फिरवलं. "आनखी." फिरवलं. "आनखी जराशी." डावी पेटी कुजबुजायला लागली. "आता बराबर." मालक खूष. "पाहा, कान पायजे मानसाले," ते दिवाणजींना म्हणाले.

मी अर्ज डोळ्यांपुढं ठेवून गप्प बसलो. चार भिंतींत एका माणसाला चुकीचं ऐकू आलं तर जगाचं काय बुडतं, असं स्वतःला समजावलं.

पण संच एकट्यानं ऐकायला थोडाच आणला होता? त्या आठवड्यात संस्थेची मंडळी वाशीमहून आली, मास्तरांच्या जागा ठरवायलाच. बैठकीत चहा आला, मालकांनी गाणं ऐकवायचं फर्मावलं. मला प्लेअरजवळ उभं केलं होतं. पाहुणे दोन्ही अंगांनी बसलेले. उजवीकडचे माना डोलवायला लागले, डावीकडचे एकमेकांकडं बघायला लागले. त्यातले एक वकील गमत्या होते. डाव्या पेटीला कान लावून म्हणाले, "मालक, हिच्यात ज्वारी भरून ठेवली काय? की हिचा उपास हाय?"

सगळे हसले. मालकांचा चेहरा लाल झाला. त्यांना विनोद कळला, दोष कळला नाही. त्यांना तर दोन्ही पेट्या सारख्याच ऐकू येत होत्या. त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"हे आमच्या गावचे बीएस्सी. यानंच लावलं. कॉलेजात जाऊन हेच शिकले. याईलेच आपन मास्तर करून राह्यलो."

वकील म्हणाले, "वा! मंग पोरंबी अर्धीच शिकतीन."

पुन्हा हशा. त्या हशाखाली माझा बाप होता, त्याचा नांगर होता, सेलनं उसळलेला तो कागदाचा पडदा होता, माझं सगळं खरं शिक्षण होतं. मी बटण मधोमध आणलं. डावी पेटी बोलायला लागली. वकिलांनी मान डोलावली. "आता कसं!"

मालक ओरडले, "कायले हात लावला? बिघडवलं ना! उजवी गेली!"

हसणं एकदम थांबलं. मी मालकांच्या डावीकडं गेलो नाही. समोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "मालक, पेटी ठीक हाय. तुमच्या उजव्या कानानं आयकू येत नाई. साऱ्या गावाले मालूम हाय."

वकील बशीतल्या चहात बघत बसले. दिवाणजी पुढं आले आणि हळूच म्हणाले, "जाय बाबू, आता घरी जाय."

जागा मालकांच्या भाच्याला मिळाली. तो इतिहास घेऊन बी.ए. होता. मी अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून झालो आणि निवृत्त होईपर्यंत फायली हलवल्या. मी आत आलो म्हणून कुठलं पोर कधी उभं राहिलं नाही. गावातून कुणी भेटलं की शाळेचा निकाल विचारायचो, आणि शास्त्रात पोरं पडली हे ऐकून वाईट वाटायचं. थोडं बरंही वाटायचं. खोटं कशाला लिहू?

पुढं कधीतरी बाबा अकोल्याला माझ्या खोलीवर आले, तेव्हा जेवता जेवता म्हणाले, "बोलाचंच होतं त पयल्याच दिवशी बोलाचं. नाईतर मंग कधीच नाई. तुले नक्की काय पायजे होतं, नोकरी का खरं बोलनं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरून म्हणाले, "आपल्याले दोन्ही देत नाईत रे," आणि जेवायला लागले.